उतरलेला ताप पुन्हा चढतो तेव्हा



गतवर्षी श्रावणात आमच्या थोरल्या बंधूंना फ्लू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि ते पेढीवर जाऊन बसले. आठवड्याच्या आत ताप पुन्हा चढला, धाप लागली. न्यूमोनियाचे निदान झाले आणि दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या आतील आवरणाला इजा करतो. त्या वाटेने न्यूमोकोकससारखे जिवाणू फुफ्फुसात उतरतात. १९१८ च्या साथीतील बहुसंख्य मृत्यू अशा दुय्यम संसर्गानेच झाले. म्हणून ताप उलटला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

फ्लूच्या लशीने हा धोका घटतो. विषाणू रूप पालटत असल्याने दुकानाच्या विम्याप्रमाणे ती दरवर्षी घ्यावी लागते. तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी घेतलेली बरी.

बंधूंनी मात्र लस टाळली होती. बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. आपल्या घरांतील ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. न्यूमोकोकसच्या लशीला अंडे लागत नाही; साठी उलटलेल्यांनी निदान तिच्याविषयी तरी डॉक्टरांना विचारावे. फ्लूच्या लशीचा निर्णय ज्याने-त्याने आपल्या विवेकाने घ्यावा. परंतु तो घ्यावा, पुढे ढकलू नये.

यंदा बंधूंनी पुष्कळ विचार करून वैशाखातच दोन्ही लशी घेतल्या.