भिंतीवरचे कारंजे : हौस हवी, हिशेबही हवा

घाटनांदूरसारख्या गावात घराच्या भिंतीवर कारंजे म्हणजे उधळपट्टी, असे वाटणे साहजिक आहे. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मात्र या कारंज्यात तेच पाणी फिरते. खालच्या टाकीतला छोटा पंप ते वर चढवतो. घट होते ती बाष्पीभवन आणि शिंतोड्यांमुळे, तीही उन्हाळ्यात सर्वाधिक.

मराठवाड्याला ही हौस नवी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत उंचावरून हौदात पडणारे पाणी डोळ्यांना सुखावत होतेच, शिवाय जातेही फिरवत होते.

म्हणून कारंजे पावसाच्या साठवलेल्या पाण्याने भरावे, मार्च ते मे कोरडे ठेवावे. बंद कारंज्यात पाणी साचू दिल्यास डेंग्यूच्या डासांना आमंत्रणच. टँकरच्या पाण्यावरची शोभा मात्र दुष्काळी गावाला शोभत नाही.