शेतावर येणारे विद्यार्थी आणि आपण यजमान

कृषि महाविद्यालयांच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषि कार्यानुभवासाठीं ऐन खरिपांत आपल्या गांवीं येऊन राहतात, ही गोष्ट खानदेशांतील वाचकांस नवी नाहीं. धुळ्याचें कृषि महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें. जळगांव जिल्ह्यांतूनहि अशीं मुलें येतात. शेतीचें शास्त्र गांवांत जाऊन शिकावें ही कल्पना जुनीच आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची सांगोपांग पाहणी करून ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तेव्हां विद्यार्थ्यांनीं यावें कीं न यावें हा प्रश्नच नाहीं. आपल्या बांधावर शिकावयास आलेला मुलगा धडधाकट घरीं परत जाईल, ही काळजी कोणीं वाहावयाची, हा खरा प्रश्न आहे.

कित्येकांस वाटतें कीं, पालकांनीं हमीपत्रावर सही केली म्हणजे सर्वांचा भार उतरला. आमच्या मतें अशा कागदानें कोणाचेंहि रक्षण होत नाहीं. कोणत्या विहिरीस कठडा नाहीं व पावसाळी गवतानें तिचें तोंड झांकलें आहे, कोणत्या मोटारीच्या पेटीचें झांकण तुटलें आहे, हें दूर बसलेल्या प्राध्यापकांस कळणार कसें? तें यजमानासच ठाऊक. म्हणून विद्यार्थी आल्या दिवशींच त्यास सारें शेत हिंडवून या जागा बोटानें दाखविणें हें यजमानाचें पहिलें काम होय. ओल्या हातानें पेटीस हात लावूं नये, आणि रात्रीं वीज आली म्हणून एकट्यानें मोटार सुरू करण्यास जाऊं नये, हेंहि तेव्हांच सांगावें.

सर्वांत मोठा धोका फवारणीचा. २०१७ सालच्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधें एकत्र कालविलेलीं, अंगावर संरक्षण नाहीं, अशा स्थितींत तुषार नाकातोंडांत जात होते. आपल्याकडील कपाशी कांहीं निराळी नाहीं. डब्यावरील त्रिकोणाचा रंग लाल असेल तर औषध सर्वांत जहाल; त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचें औषध विद्यार्थ्याच्या हातीं देऊंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यानें वाऱ्याच्या वरच्या अंगास उभें राहून पाहावें, डब्यावरील चिठ्ठी वाचावी, मापें लिहून घ्यावींत. शिक्षणास तेवढें पुरे. पण हल्लीं वहींत चिकटविण्यासाठीं छायाचित्र लागतें, आणि छायाचित्रांत चेहरा दिसावा म्हणून तोंडावरचें फडकें काढलें जातें! बीजप्रक्रियेंतहि हेंच. औषध लावलेलें बियाणें उघड्या हातांनीं चोळणें हें प्रात्यक्षिक नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "चार दिवसांच्या पाहुण्यासाठीं एवढा थाट कशाला? आमचा गडी वर्षानुवर्षें उघड्या अंगानें फवारतो." आमचें सारें दुखणें तेथेंच आहे. विद्यार्थ्यास हातमोजे दिले आणि त्याच्या शेजारीं पंप उचलणाऱ्या गड्यास दिले नाहींत, तर तो मुलगा आपल्याकडून कोणता धडा घेऊन जाईल? १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्यास संरक्षक कपडे सांगितले आहेत. त्यांत विद्यार्थी आणि मजूर असा भेद केलेला नाहीं. उन्हांत ते कपडे अंगावर सहन होत नाहींत ही तक्रार खरी आहे, व ती आम्ही नाकारीत नाहीं. म्हणूनच सकाळीं लवकर, वारा पडला असतां फवारावें आणि ऊन चढण्यापूर्वीं थांबावें. घाम व लाळ फार सुटूं लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गांठावें.

सर्पदंशाविषयीं थोडें. घोणस व फुरसें दिवसा पायांखालीं येतील म्हणून केळीच्या बागेंत उंच बूट घालावे. परंतु मण्यार रात्रीं येते, आणि तिचा दंश पुष्कळदां कळतहि नाहीं. विद्यार्थ्यास जमिनीवर अंथरूण न देतां खाट व मच्छरदाणी द्यावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर एकच लस चालते. करकचून बांधणें, कापणें, मांत्रिकाकडे नेणें यांत वेळ दवडूं नये.

विद्यार्थिनींची एक अडचण पुरुष यजमानांच्या ध्यानीं येत नाहीं. शेताजवळ शौचाची सोय नसली कीं त्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहींत, आणि भाद्रपद-आश्विनाच्या उन्हांत भोंवळ येऊन पडतात. त्यांच्या मुक्कामाचें घर ठरवितांना ही सोय घरांतील बायकांनीं आधीं पाहावी.

महाविद्यालयांकडे आमचें मागणें लहानसें आहे. विद्यार्थी पाठविण्यापूर्वीं शिक्षकांनीं एकदां येऊन शेत पाहावें, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा रक्तगट, जुना आजार व घरचा दूरध्वनि क्रमांक असलेला मराठी कागद यजमानाच्या हातीं द्यावा. जवळचें कोणतें रुग्णालय रात्रीं उघडें असतें व तेथें सर्पविषावरील लस आहे कीं नाहीं, याची चौकशी मात्र आपल्या संघानें पेरणीपूर्वींच करून तो तपशील गांवोगांवच्या सभासदांस कळवावा.