खालच्या पट्टीतली बाई

भारतीय पॉपचा विषय निघाला की गाडी हमखास 1995 वर येऊन थांबते. अलिशा चिनॉयचा ‘मेड इन इंडिया’, मॅग्नासाउंडच्या कॅसेटी, एमटीव्ही, चॅनल व्ही, पाठोपाठ आलेली लकी अली वगैरे मंडळी. तो काळ चाळिशीपलीकडच्या श्रोत्यांच्या मनात इतका पक्का बसलाय, की त्याआधी सिनेमाच्या बाहेर गाऊन कुणी पोट भरत असेल असं कुणाला वाटतच नाही. फार मागे गेलंच तर 1981 सालचा नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आठवतो. त्याहीआधी बारा वर्षं, 1969 मध्ये, मद्रासच्या माउंट रोडवर सफायर थिएटरच्या तळघरातल्या ‘नाइन जेम्स’ नावाच्या नाइट क्लबमध्ये एक तरुण मुलगी साडी नेसून इंग्रजी गाणी गायला उभी राहिली. तिचं तेव्हाचं नाव उषा अय्यर. आज तिला सगळे उषा उथुप म्हणून ओळखतात.

तेव्हाचे नाइट क्लब म्हणजे काय हे थोडं डोळ्यांपुढे आणायला हवं. मंद दिवे, सिगारेटचा धूर, ग्लासांची किणकिण आणि कोपऱ्यात चार-पाच जणांचा बँड. गायिका असली तर ती गाऊनमध्ये, आणि बऱ्याचदा अँग्लो-इंडियन किंवा गोवन. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर पॅम क्रेनचं नाव गाजत होतं, मुंबईत चर्चगेटच्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरीच्या बँडबरोबर लॉर्ना गात होती. टेबलावरच्या माणसाने गप्पा थांबवून स्टेजकडे पाहावं, अशी अपेक्षा फारशी कुणी करत नसे. अशा जागी काठापदराची साडी, केसांत गजरा, कपाळाला मोठं कुंकू अशी, एखाद्या तमिळ घरातल्या हळदीकुंकवाला शोभेल अशी मुलगी माइक हातात घेते आणि तिच्या गळ्यातून पुरुषाला साजेसा खर्ज निघतो. हातातला ग्लास हातातच राहत असणार. मालकाने तिला आणखी आठवडाभर गायला ठेवून घेतलं.

साडी ही क्लृप्ती होती का? उषा उथुप मुलाखतींतून वारंवार सांगतात की तसं काही डोक्यात नव्हतं, घरात सगळ्या साडीच नेसत, तीच नेसून गेले. असेलही. पण त्या साडीने जे साधलं ते कुठल्याही प्रसिद्धी-एजंटाला साधलं नसतं. क्लबातल्या गायिकेकडे ज्या नजरेने बघायची सवय होती, ती नजर तिथल्या तिथे बिचकली. गायिका सजावटीतून बाहेर आली आणि यजमानीण झाली. पुढे कपाळावरच्या टिकलीत बंगालीतला ‘क’ आला, कोलकात्याचा, आणि कांजीवरमच्या कापडाचे स्नीकर्सही पायात आले. त्यातलं काय सहज आणि काय ठरवून, हा हिशेब आता निरर्थक आहे.

कोलकात्याने त्यांना इतकं आपलंसं केलंय की त्या मुंबईच्या आहेत हे मुंबईच विसरली. जन्म नोव्हेंबर 1947 चा, मुंबईतलाच. वडील पोलीस खात्यात, घर भायखळ्याच्या लव्ह लेनमधल्या पोलीस वसाहतीत. भायखळा म्हणजे गिरण्यांची चिमणी आणि चर्चचा मनोरा एकाच खिडकीतून दिसावा असा मुलूख. मराठी गिरणी कामगार, गोव्याचे ख्रिश्चन, मुसलमान, बेने इस्रायली, अँग्लो-इंडियन असे सगळे एकमेकांच्या जिन्यात. घरी रेडिओवर बेथोवनही लागायचा आणि भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, बडे गुलाम अलीही. शेजारच्या पठाण कुटुंबाच्या सहवासात हिंदीची गोडी लागली. जी बाई पुढे मराठी आणि कोकणीसकट पंधराहून अधिक भारतीय भाषांतून गायली, तिचे उच्चार कुठे घडले याचं उत्तर या वसाहतीत आहे. संगीताचं रीतसर शिक्षण मात्र शून्य.

शून्य असायला कारणही झालं. भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत गाण्याच्या वर्गातून त्यांना बाहेर काढलं गेलं. आवाज बाकीच्या मुलींत बसेना. बाईंना एवढं मात्र कळलं की पोरीला लय आहे, म्हणून तिच्या हातात टाळ्या वाजवायच्या पट्ट्या आणि त्रिकोण दिले. त्याच वयात, नऊ वर्षांची असताना, अमीन सायानींमुळे रेडिओ सिलोनच्या ‘ओव्हलटिन म्युझिक अवर’मध्ये ती गायली. मोठ्या बहिणी आधीपासून गात होत्या, त्यातली उमा पोचा हे तर मुंबईच्या पॉप वर्तुळातलं ओळखीचं नाव. शाळेने नाकारलेला गळा रेडिओने घेतला, हे त्या काळच्या रेडिओविषयी चांगलंच सांगतं.

आता हा ‘बसेना’ प्रकार नीट बघू. आपल्याकडे बायकांची पट्टी साधारण काळी चार-काळी पाचच्या आसपास धरतात, पुरुषांची काळी एक किंवा पांढरी दोन. उषा उथुप यांचा गळा त्या दुसऱ्या वस्तीत राहतो. लता मंगेशकरांनी 1949 पासून हिंदी सिनेमाच्या नायिकेचा आवाज जो वर नेऊन ठेवला, तो तिथेच राहिला. संगीतकार चाली त्या हिशेबाने बांधत, व्हायोलिनचे ताफे त्या हिशेबाने लिहिले जात, आणि पडद्यावरची सोज्ज्वळ मुलगी त्याच उंचीवर गात असे. खालच्या पट्टीतली बाई तिथे उभी कुठे राहणार? शास्त्रीय मंचावर गंगूबाई हनगलांच्या रुंद, पुरुषी वाटणाऱ्या आवाजाला रसिकांनी डोक्यावर घेतलं, ‘आवाज बायकी नाही’ म्हणून कुणी मैफल सोडून गेलं नाही. सिनेमाला तेवढी उमेद कधीच झाली नाही.

क्लबात मात्र हाच गळा भांडवल ठरला. तिथे गाणी पाश्चात्त्य, आणि त्यातली निम्मी पुरुषांनी गाजवलेली. किंग्स्टन ट्रायोचं ‘ग्रीनबॅक डॉलर’ तिघा पुरुषांचं. उषा अय्यर यांनी ते एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केलं तेव्हा त्यात काही उसनं वाटत नाही. मद्रासनंतर मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं ‘टॉक ऑफ द टाउन’, कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं ‘ट्रिंकाज’, दिल्लीत ओबेरॉय. दर रात्री वेगळे श्रोते, दर रात्री परीक्षा. कोण पंजाबी, कोण मल्याळी, कोण बंगाली हे हेरायचं, दोन वाक्यं त्याच्या भाषेत टाकायची, मग एक गाणं त्याच्या भाषेत. या स्तंभाच्या मते उषा उथुप यांच्या कारकिर्दीचा खरा कणा हा आहे. फिल्मी गायिकेला श्रोता आयता मिळतो, नायिकेच्या चेहऱ्यासकट. यांनी तो टेबलागणिक मिळवला. ‘ट्रिंकाज’मध्येच त्यांची जानी चाको उथुप यांच्याशी ओळख झाली, लग्न झालं आणि मुक्काम पुढे कोलकात्याला हलला.

दिल्लीच्या क्लबात सिनेमावाले भेटले. मर्चंट-आयव्हरीच्या ‘बॉम्बे टॉकी’त शंकर-जयकिशनकडे एक इंग्रजी गाणं मिळालं. देव आनंदच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’त (1971) आशा भोसल्यांबरोबर इंग्रजी ओळी वाट्याला आल्या. पुढे ‘शालिमार’, ‘शान’ या चित्रपटांत आर. डी. बर्मन, आणि मग बप्पी लाहिरी. ‘प्यारा दुश्मन’मधलं ‘हरी ओम हरी’ (1980), ‘अरमान’मधलं ‘रंभा हो’ (1981), ‘डिस्को डान्सर’मधलं बप्पीदांबरोबरचं द्वंद्वगीत (1982). लोकांना उषा उथुप म्हटलं की एवढंच आठवतं. दोष लोकांचा नाही, गाणी आहेतच तशी झिंगवणारी. पण त्यातली ‘हरी ओम हरी’ची चाल इरप्शनच्या ‘वन वे तिकीट’वरून उचललेली, ‘डिस्को डान्सर’मधलीही बगल्स या ब्रिटिश जोडीच्या गाण्यावरून. आणि पडद्यावर ती गाणी कुणाला? ‘हरी ओम हरी’ आणि ‘रंभा हो’ दोन्ही कल्पना अय्यरला, म्हणजे क्लबात नाचणाऱ्या बाईला. नायिका झोपडीत, बागेत किंवा देवळात असली की गळा दुसरा. ज्या बाईने प्रत्यक्ष क्लबातून क्लबपणाचा वास घालवला, तिचा आवाज सिनेमाने पुन्हा क्लबातच नेऊन बसवला.

एवढ्यावर भागलं नाही. ऐंशीच्या दशकात पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारातले सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांचं गाणं म्हणजे ‘अपसंस्कृती’ असल्याचं ठरवलं आणि सरकारी सभागृहांची दारं त्यांना बंद झाली. कांजीवरम नेसून, गजरा माळून, लहान मुलांना स्टेजवर बोलावून टाळ्यांच्या तालावर गाणाऱ्या बाईचा संस्कृतीला धोका! त्या गप्प बसल्या नाहीत, माफीही मागितली नाही. कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. कलावंताने मंत्र्याशी पंगा घ्यायचा तर आधी जवळचा दुसरा मंत्री शोधायचा, ही आपल्याकडची रीत. महाराष्ट्रातही ती नवी नाही. यांनी वकील शोधला. गंमत अशी की त्याच राज्य सरकारने 1986 च्या सुरुवातीला मुंबईचे सिनेतारे बोलावून सॉल्ट लेक स्टेडियमवर ‘होप 86’ नावाचा जंगी कार्यक्रम केला, आणि मग तोच अपसंस्कृतीचा शेरा सरकारला ऐकून घ्यावा लागला.

परदेशात त्यांना असला जाच झाला नाही. केनियात स्वाहिली गाणी गायल्या, ती तिथल्या लोकांना इतकी भावली की जोमो केन्याटांच्या सरकारने त्यांना मानद नागरिकत्व दिलं. ‘मलायका’ हे गाणं जगाला मिरियम मकेबामुळे ठाऊक. उषा उथुप यांनी ते मूळ गायक फाधिली विल्यम यांच्यासोबत गायलं. नैरोबीत प्रत्यक्ष कार्यक्रमाची तबकडीही निघाली. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय दुकानदारांसाठी हिंदी गाणी गाऊन बिदागी घेऊन परत येणं सोपं होतं. त्यांनी समोरच्या आफ्रिकन श्रोत्याची भाषा धरली.

मग नव्वदचं दशक उजाडलं आणि इंडिपॉप आला. तेव्हा त्या चाळिशीच्या उत्तरार्धात होत्या. म्युझिक व्हिडिओला हवे होते कोवळे चेहरे, कॅमेऱ्यासमोर बसवलेला नाच, तीन मिनिटांची गोष्ट. गाणं थेट श्रोत्यांसमोर उभं राहून गाण्यापेक्षा ते चित्रित कसं झालंय याला भाव आला. त्या लाटेतली बरीच नावं दहा वर्षांत विरली, कारण त्यांच्या मागे कॅसेट कंपनी होती, कार्यक्रमांची सवय नव्हती. उषा उथुप यांच्या मागे कंपनी कधी नव्हतीच. त्याआधीच कोलकात्यात ‘व्हायब्रेशन्स’ हा स्वतःचा स्टुडिओ काढला होता आणि दौरे चालू होते. कॉर्पोरेट समारंभ, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, दुर्गापूजा, क्लबांची वार्षिक संमेलनं. यातलं काहीही समीक्षकाच्या वहीत जात नाही, म्हणून पॉपच्या इतिहासातही जात नाही. पोट मात्र यावरच भरतं.

त्यांच्याबद्दलचं लिखाणही उशिराच आलं. विकास कुमार झा यांचं ‘उल्लास की नाव’ हे चरित्र हिंदीत, मग 2022 मध्ये ते इंग्रजीत. मराठीत? ज्या शहरात त्या वाढल्या त्या शहराच्या भाषेत त्यांच्यावर आपण सिनेगीतांच्या सदरातल्या दोन-चार ओळींपलीकडे जात नाही. आपल्याकडे गायिकेचं मोजमाप भावगीत, नाट्यगीत आणि सिनेमा या तीन फुटपट्ट्यांनी होतं. क्लब ही चौथी जागा आपण धरतच नाही, मग तिथे रात्री वाजवून सकाळी फिल्मी रेकॉर्डिंगला जाणारे गोवन वादकही निसटतात आणि त्यांच्यासोबत गाणाऱ्या बायकाही.

2011 मध्ये विशाल भारद्वाज यांनी ‘सात खून माफ’मध्ये त्यांना छोटी भूमिका दिली आणि रशियन ‘कालिंका’च्या चालीवरचं ‘डार्लिंग’ रेखा भारद्वाज यांच्यासोबत गायला लावलं. दोघींना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर मिळालं. उषा उथुप यांचं ते पहिलंच, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. पद्मश्री त्याच वर्षीची, पद्मभूषण 2024 चं. जानी उथुप त्याच वर्षी जुलैत गेले. 2023 च्या अखेरीस कोलकात्यात त्यांनी मायली सायरसचं ‘फ्लॉवर्स’ गायलेला व्हिडिओ मोबाइलवरून फिरला. शहात्तर वर्षांच्या बाईने तिशीतल्या अमेरिकन पोरीचं गाणं आपल्या पट्टीत, आपल्या चालीने उतरवलं होतं आणि खाली नव्या पोरांचे प्रश्न होते, ही कोण?

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत आजही मुलीने तार सप्तकात जाऊन सूर ताणला की परीक्षक खुर्चीतून उठतात आणि पडद्यावर चमचम होते. खालच्या सुरात ठेहराव असलेली मुलगी बहुधा पहिल्या फेरीतच घरी जाते, ‘आवाज वेगळा आहे, मेहनत कर’ असं ऐकून. मेहनत कशावर करायची, पट्टी वर नेण्यावर की स्वतःच्या पट्टीत गाणी शोधण्यावर, हे तिला कुणी सांगत नाही. त्या परीक्षकांपैकी कुणी ‘ग्रीनबॅक डॉलर’ची ती जुनी तबकडी मिळवून ऐकली, तर निदान पुढच्या फेरीत एखादी अशी मुलगी दिसेल.

— कानसेन