नोटीस लागते, जागा मिळत नाही: दरडीखालच्या वस्त्यांचा प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतील डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये नोटिसा लागतात. जागा धोकादायक आहे, सुरक्षित ठिकाणी जा, एवढाच त्यांचा अर्थ. ते सुरक्षित ठिकाण कुठे आहे, तिथले भाडे कोण भरणार, मुलांची शाळा आणि आईची धुणीभांड्याची कामे कशी सुटणार, यातले काहीही त्या कागदावर नसते. मग जुलैच्या एखाद्या रात्री दरड येते आणि सकाळी उत्तर तयार असते, आम्ही नोटीस दिली होती.

१८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात भिंत घरांवर कोसळली आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड आली. दोन्हीकडे मिळून जवळपास तीस माणसे झोपेतच गेली. चारच दिवसांनी रायगड जिल्ह्यातील तळिये गावावर डोंगर आला. तिथे ऐंशीहून अधिक लोक दगावले.

शहराबाहेर तर नोटीसही नसते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी मातीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांत शोध थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते, हे सरकारनेच सांगितले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचाव पथके चालत चढली, यंत्रे खालीच राहिली. ज्या वाडीला रस्ता मिळत नाही, तिला यादीतही जागा मिळत नाही, हा आम्हाला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आंबेगाव तालुक्यातील माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाव गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक आदिवासी. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकामुळे. वाचलेल्यांना नवी घरे मिळायला २०१७ साल उजाडले.

दरड का येते, हे समजून घ्यायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. सह्याद्री काळ्या कातळाचा. लाखो वर्षांच्या ऊनपावसाने त्या कातळाचा वरचा भाग कुजून मुरूम आणि माती झाली आहे. दोन-तीन दिवस सलग मुसळधार पाऊस पडला की हा सैल थर पाणी पिऊन जड होतो. कणाकणांत पाणी भरले की मातीची आपसातली पकड सुटते. खालचा कातळ टणक, त्यात पाणी फारसे मुरत नाही, म्हणून ते दोन्हींच्या मधून वाहू लागते आणि वरचा थर घसरतो. त्यात कोणी रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी डोंगराचा पायथा कापला असेल तर आधारच जातो. झाडे तोडली असतील तर मुळांची वीणही राहत नाही. माळीणनंतर डोंगरावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली ती यामुळेच.

म्हणजे पाऊस निसर्गाचा, उतारही निसर्गाचा. पण उताराखाली कोणाचे घर असेल, हे निसर्ग ठरवत नाही. गावाबाहेर ठेवलेला समाज शहरात आला तेव्हा सपाट जमीन त्याला परवडणारी नव्हती. नाल्याकाठ, रेल्वेकाठ आणि टेकडीचा उतार एवढेच शिल्लक होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपातही जवळपास दहा हजार माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून.

अशा वेळी दैव आणि पाप यांची भाषा सुरू होते. १९३४ मध्ये बिहारला भीषण भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी त्याला अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. हेतू कितीही चांगला असो, ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होतेच. पाप करणाऱ्याची शिक्षा ज्याच्यावर पाप झाले त्यालाही? संयुत्त निकायातील सीवक सुत्तात तथागतांनी माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्माचे फळ मानणे नाकारले आहे. शरीरातील बिघाड, ऋतूंचा बदल अशी इतर कारणे त्यांनी तिथे मोजून दाखवली. आपल्यातही कोणी ‘त्यांचे नशीब’ म्हणू लागले तर हे सुत्त त्याच्यासमोर ठेवावे.

आता कामाचे. भीमजयंतीची मिरवणूक आपण महिनाभर आधी आखतो. पावसाळ्यासाठी दोन रविवार काढायला हरकत नाही. वंदना झाल्यावर वही घेऊन वस्तीच्या वरच्या अंगाला चक्कर मारा. जमिनीला नवी भेग पडली आहे का? झाड किंवा विजेचा खांब कलला आहे का? संरक्षक भिंत पोटातून फुगली आहे का, तिच्यातील पाणी जाण्याची भोके बुजली आहेत का? घरांची दारे अचानक चौकटीत अडकू लागली आहेत का? झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, आटले किंवा नव्या ठिकाणी फुटले, डोंगरातून गडगडाट ऐकू आला, तर पंचनाम्याची वाट पाहू नये. त्याच क्षणी घर सोडावे. पळताना उताराच्या दिशेने सरळ खाली नव्हे, आडवे, दरडीच्या वाटेतून बाजूला.

वहीत आणखी एक पान असू द्या. कोणत्या घरात आजारी आजी आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, गरोदर बाई कोण. धोक्याबाहेरचे विहार किंवा शाळा रात्री दोन वाजता उघडायची तर किल्ली कोणाकडे. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराशी ठेवावा, कारण नंतर मदत मागताना आधी कागदच विचारले जातात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ हवेत.

मदतीचेही बोलू. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना छावण्यांत आणि मदतवाटपात वेगळे वागवल्याच्या नोंदी आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ मदत आणि भरपाई देताना जात, समुदाय, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. हे कलम आपल्या फार थोड्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

याच कायद्याखालील जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. आमची वस्ती धोकादायक ठिकाणांच्या यादीत आहे का, शेवटची पाहणी कधी झाली, संरक्षक भिंतीसाठी किती निधी मंजूर झाला, पुनर्वसनाची जागा कोणती? अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. मे महिन्यात अर्ज केला तर जूनमध्ये उत्तर हातात असेल. ते विहाराच्या फलकावर लावा, नोटिशीच्या शेजारी.