गाळाची साक्ष

पाप सगळ्यांचे, म्हणजे कुणाचेच नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला मोठा सोयीचा मंत्र आहे. मिठी नदी काळी झाली? सगळ्यांनीच केली. ठाण्याच्या खाडीत तेलाचा तवंग दिसतो? गाड्या तुम्हीही उडवता, आम्हीही उडवतो. मग बोट कुणाकडे दाखवायचे? असा सवाल टाकून वक्ते मोकळे होतात अन् सभा माना डोलावते. माझे म्हणणे असे की, हा विनय नव्हे, ही पळवाट आहे. बोट दाखवता येते. खाडीच्या तळचा गाळ ते दाखवतो.

शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. पण ही गोष्ट कळायला तेवढा पुरे. कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी आणि बरणीखाली उमटतो तो तेलाचा डाग, ह्यांतला फरक घरातली कोणतीही बाई सांगेल. गाळात साचणारी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने मुख्यतः अशाच दोन कुळांची: एक सांडलेल्या तेलाचे, दुसरे जळणाच्या धुराचे. पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत; बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यांतल्या बेंझोपायरीनने माणसाला कर्करोग होतो, ह्याविषयी आता वाद उरलेला नाही.

कूळ कसे ओळखायचे? फेनँथ्रीन आणि अँथ्रसीन ही जुळी भावंडे. दोघांतही कार्बनचे १४ आणि हायड्रोजनचे १० अणू. रचना तेवढी निराळी. तेल भूगर्भात लक्षावधी वर्षे मुरते, तेव्हा अधिक स्थिर असलेले फेनँथ्रीन वरचढ ठरते. भडकून जळताना अँथ्रसीनलाही वाव मिळतो. म्हणून दोघांच्या बेरजेत अँथ्रसीन दहाव्या हिश्श्याहून कमी भरले तर संशय तेलावर, जास्त भरले तर धुरावर. फ्लुओरँथीन आणि पायरीन ही दुसरी जोडी. तीत फ्लुओरँथीनचा वाटा ०.४० हून कमी तर कच्चे तेल, ०.५० पर्यंत तर पेट्रोल-डिझेलचा धूर, त्याहून अधिक तर लाकूड, कोळसा, गवत.

कुणी म्हणेल, "मास्तर, अँथ्रसीन उन्हात लवकर नासते. तुमचा साक्षीदार फितूर आहे." खरे आहे. म्हणूनच एका जोडीवर निकाल देऊ नये. अनेक जोड्या तपासाव्यात, शिशाच्या किरणोत्सारी रूपावरून थरांचे वय काढावे. पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते म्हणून कुणी कोर्टाला कुलूप लावते काय?

अन् हा नुसता पंडिती वाद नव्हे. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डीझ' जहाज अलास्कात खडकावर चढले आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेले. पुढे तिथल्या गाळातल्या जुन्या हायड्रोकार्बनांवरून जुंपली. कंपनीच्या पैशावर काम करणारे शास्त्रज्ञ म्हणाले, ती नैसर्गिक झऱ्यांतून पाझरणाऱ्या तेलाची; इतर म्हणाले, ती दगडी कोळशाची. फरक केवढा पाहा! कोळशात अडकलेली द्रव्ये प्राण्यांच्या अंगी सहसा लागत नाहीत. तेलझरे मानले, तर तिथले जीव आधीपासूनच तेलात राहत होते, असे म्हणायला कंपनी मोकळी! उगम ठरला की जबाबदारी ठरते. म्हणूनच उगम शोधण्याचा काहींना एवढा कंटाळा येतो.

मुंबईच्या बंदरात तर साऱ्यांचीच गर्दी. माहुलला १९५० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण कारखाने, बंदरात जहाजांची ये-जा, किनाऱ्यावर मोटारी, कडेला जळणारा कचरा. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ह्या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, ते निराळेच. सरमिसळ आहे, म्हणूनच वाटणी हवी. तेल असेल तर नळ, जहाजे आणि गॅरेजांची गटारे धरा. धूर असेल तर मोटारी अन् कचऱ्याच्या आगी. धुराच्या रोगावर तेलाचे औषध देऊन खाडी बरी होणार नाही. ह्याच चिखलात रोहित पक्षी चोची घालतात. कोळीबांधव खेकडे धरतात ते ह्याच खाडीत, आणि ते आपल्या ताटात येतात.

तेव्हा, वाचकहो, पुढच्या सभेत कुणी "दोष सगळ्यांचाच" म्हणाला, तर मान डोलावू नका. "कबूल, पण कुणाचा किती?" एवढे विचारा. गाळाचे नमुने घ्या, हिस्से मांडा आणि ते आकडे आम्हांला कळेल अशा मराठीत छापा, एवढीच मागणी करा. आपला वाटा त्यात निघाला, तर तोही आपण उचलू. मात्र दुसऱ्याचा वाटा आपल्या पदरात बांधून घेण्याचे कारण नाही.