दिलेली ओळ आणि दिलेला विषय

भारतीय विद्यापीठांच्या भाषाविभागांत सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिका अलीकडे रुजू लागल्या आहेत, आणि त्यांच्यासमवेत ‘प्रॉम्प्ट’ हा शब्दही. लिहिणाऱ्याच्या हाती एखादे अर्धे वाक्य, एखादी वस्तू वा एखादा प्रश्न ठेवावा आणि तेथून त्याने आत्मचिंतनाकडे किंवा कल्पनेकडे वळावे, अशी ही पद्धती. ती पाश्चात्त्य कार्यशाळांतून आयात झाली, हे तिचे समर्थक आणि विरोधक दोघेही गृहीत धरतात. वस्तुतः वात्स्यायनाने दिलेल्या ६४ कलांच्या यादीतच काव्यसमस्यापूरण ही एक कला आहे. तेव्हा प्रश्न आयातीचा नसून, लेखकाला नेमके काय द्यावे, हा आहे.

समस्यापूर्तीत कवीला विषय मिळत नसे. श्लोकाचा अखेरचा चरण मिळे. भोज-कालिदासांच्या आख्यायिकांत (दोघांत काही शतकांचे अंतर आहे, ही गोष्ट आख्यायिकाकारांना कधीच खटकली नाही) असा एक चरण केवळ निरर्थक ध्वनींचा आहे, आणि कालिदास त्यातून पायऱ्यांवरून गडगडत जाणाऱ्या घटाचा आवाज उभा करतो. तेलुगूतील अष्टावधानात आठ पृच्छक असतात. त्यांतला एक समस्या घालतो, दुसरा चार शब्द देऊन ते पद्यात गुंफावयास सांगतो, तिसरा अक्षरागणिक निषेध करीत जातो. उर्दूच्या तरही मुशायऱ्यात आगाऊ जाहीर केलेला मिसरा वृत्त, काफिया आणि रदीफ ठरवून देई. काय म्हणावयाचे ते मात्र शायराकडेच राही. ह्या साऱ्यांत दिला जातो तो आकार. आशय मागितला जात नाही, आणि म्हणूनच तो कोठूनही येऊ शकतो.

१८७४ साली लाहोरात ह्या व्यवस्थेला छेद गेला. अंजुमन-ए-पंजाबच्या मुशायऱ्यांत मिसऱ्याऐवजी विषय देण्याची प्रथा मुहम्मद हुसैन आझाद ह्यांनी सुरू केली. पाठीशी पंजाबच्या शिक्षणखात्याचे संचालक कर्नल हॉलरॉइड होते. पाऊस, आशा, देशप्रेम अशा विषयांवर तेथे कविता वाचल्या गेल्या. हाली ह्यांची ‘बरखा रुत’ ही त्यांतलीच. कृत्रिमतेकडून निसर्गाकडे आणि सत्याकडे झालेले हे प्रस्थान, असे त्याचे वर्णन वाङ्मयेतिहासांत आढळते, आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. जुन्या मिसऱ्यांवर चमत्कृतीचे थर चढले होते. सभेची वाहवा हेच साध्य झाले होते. तथापि, शिक्षणखात्याच्या आश्रयाने दिलेला विषय हा निबंधाचा विषय असतो, ह्या बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विषय देणारा केवळ लिहिण्यास सांगत नाही; काय वाटले पाहिजे तेही तो सुचवितो. देशप्रेमावर लिहा म्हटल्यावर देशाविषयीची कंटाळवाणी, संमिश्र किंवा उदासीन भावना कोणी लिहावी?

मराठी शाळेतला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ ह्याच जातीचा. त्यातला पाऊस मार्गदर्शिकांतून तयार मिळतो. छत्री उलटते, बेडूक ओरडतात, शेवटी इंद्रधनुष्य उमटते. ज्या मुलाच्या घराचे छप्पर त्या वर्षी गळत होते, तेही इंद्रधनुष्यच लिहिते.

ह्याउलट जात्यावरची ओवी. गी पॉइतव्हां आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत पहिली, दुसरी, तिसरी असे मोजत जाण्याची एक चाल वारंवार दिसते. क्रमांक हीच तेथे चालना. तिसरी ओवी कोणाची, हे क्रमांक सांगत नाही. गाणारीला ते ठरवावे लागते, आणि ठरविताना भाऊ, आई, सीता, सासरचा जाच, विठ्ठल अशी तिची सारी दुनिया एका रांगेत येते. दुःख सांग, असे तिला कोणी म्हटलेले नाही. हातात खुंटा, तोंडात अर्धी ओळ. एवढ्यावर ती बोलू लागते.

ह्या ओव्यांशी कसलाही संबंध नसलेल्या फ्रेंच लेखनात हीच प्रक्रिया आढळावी, हे तौलनिक अभ्यासकास विचार करावयास लावणारे आहे. जो ब्रेनर्ड ह्या अमेरिकन चित्रकार-लेखकाने १९७० साली ‘मला आठवते’ ह्या एकाच आरंभाने प्रत्येक नोंद सुरू करणारे पुस्तक लिहिले. जॉर्ज पेरेक ह्यांनी ती युक्ती उचलून १९७८ साली आपल्या ४८० आठवणी प्रसिद्ध केल्या. ह्याच पेरेकांची १९६९ ची कादंबरी फ्रेंचमधील ‘ई’ हे सर्वाधिक वापरातले अक्षर संपूर्ण टाळते. निषिद्धाक्षरीचाच हा प्रकार. त्यांची आई आउशवित्झला नेली गेली आणि परतली नाही. त्या गहाळ अक्षरात अनेक समीक्षकांना ती अनुपस्थिती ऐकू आली, ती उगाच नव्हे.

थेट विचारणेही फळते, असा आक्षेप येईल. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील ह्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आयुष्यातील आघाताविषयी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, लिहावयास सांगितले होते. तत्काळ त्यांना अधिक अस्वस्थ वाटले. पुढील महिन्यांत मात्र आरोग्यकेंद्रातील त्यांच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. परंतु त्या लेखनाला गुण नव्हते, आणि ते गुप्त राहील अशी हमी होती. परीक्षेत ही हमी देता येत नाही. ‘तुमचा सर्वांत दुःखद अनुभव’ १० गुणांसाठी विचारला, की विद्यार्थी सोयीचे दुःख शोधतो, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

म्हणून नव्या अभ्यासपत्रिकांत विषयांची यादी छापण्यापूर्वी मिसरा, समस्या आणि मोजणीची ओवी ह्यांचा विचार व्हावा. ‘आईविषयी लिहा’ ह्याऐवजी आई हा शब्द वर्ज्य करून घरातील एका भांड्याविषयी लिहावयास सांगता येईल. तपासणाऱ्याची अडचण त्याने वाढेल, कारण मार्गदर्शिकेत त्याचे उत्तर सापडणार नाही. प्रश्नपत्रिका काढणारी मंडळे नेमकी ह्याच कारणासाठी त्याला विरोध करतील.