निर्दोष सुटलात, पण नमुन्याचं काय?

कोर्टानं निर्दोष सोडलं म्हणजे प्रकरण मिटलं, असं आपण समजतो. पण आता एक गोष्ट सरकारकडे मागे उरू शकते, शरीराचा नमुना.

4 ऑगस्ट 2022 पासून फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा लागू आहे. 1920 च्या कायद्यात ठसे, मापं आणि फोटो होते. नव्या कायद्यात डोळ्यांचं स्कॅन आणि ‘जैविक नमुने व त्यांचं विश्लेषण’ही आलं. डीएनए हा शब्द त्यात नाही, पण रक्त, लाळ तपासली की डीएनए आलाच. ही नोंद एनसीआरबीकडे 75 वर्षं ठेवता येते.

डीएनएमुळे खरा गुन्हेगार सापडतो, बेकसूर सुटतोही. तक्रार तपासाबद्दल नाही, साठवणुकीबद्दल आहे. बोटाचा ठसा एकट्याचा असतो. डीएनएवरून मात्र भाऊ, मुलगा, सगळं खानदान ओळखता येतं. आणि डीएनएच्या वापरावर नियम घालणारं 2019 चं विधेयक सरकारनं 2023 मध्ये मागे घेतलं.

पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर नोंद नष्ट करायची तरतूद आहे. पण कधी? सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर. मुंबई लोकल बॉम्बस्फोटाचा खटला या कायद्याच्या आधीचा, पण मुद्दा त्यावरून कळतो. 2006 च्या या प्रकरणात उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये 12 जणांना निर्दोष ठरवलं आणि राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे 19 वर्षांनंतरही मार्ग संपले नव्हते. शिवाय नियमांप्रमाणे नोंद पुसण्यासाठी राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. चूक यंत्रणेची, धावपळ मात्र बेकसुराची. हा कसला इन्साफ?

ब्रिटनमध्येही निर्दोषांचे नमुने ठेवले जात. 2008 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ते चूक ठरवलं आणि 2012 मध्ये तिथला कायदा बदलला. आपल्याकडेही सुटकेबरोबर नोंद आपोआप पुसली जावी, एवढी मागणी रास्त आहे.

तोवर एवढं लक्षात ठेवा. गुन्हा स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल आणि शिक्षा 7 वर्षांपेक्षा कमी असेल, तर अटकेतल्या माणसावर जैविक नमुन्याची सक्ती नाही. मात्र मॅजिस्ट्रेट तसा आदेश देऊ शकतात. त्यामुळे वकिलांना आधी विचारा, आणि सुटकेनंतर नोंद पुसण्याचा अर्ज विसरू नका.